लेक नववीत 'ॲग' घेतेय, एफएफएमध्ये जायचं म्हणतेय. कुणाला अनुभव?

सुपारी

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. लेक येत्या ऑगस्टमध्ये नववीत जाईल. विषय निवडताना तिने 'प्रिन्सिपल्स ऑफ ॲग्रिकल्चर, फूड अँड नॅचरल रिसोर्सेस' अशा लांबलचक नावाच्या विषयावर टिक केली आणि जेवताना जाहीर केलं की ती एफएफएची, म्हणजे शाळांतल्या शेतीशिक्षणाशी जोडलेल्या विद्यार्थी संघटनेची, मेंबर होणार. पुढे व्हेट (जनावरांची डॉक्टर) व्हायचंय आणि शाळेतला व्हेटचा कोर्स याच वाटेने जातो, असं तिचं म्हणणं.

तेव्हापासून घरात रोज परिषद भरते. नवरा म्हणतो, रोबोटिक्स छान चाललंय, मध्येच हे काय काढलं. सासरे तासगावला असतात, द्राक्षबाग आहे. ते फोनवर म्हणाले, "शेतीच शिकायची हुती तर पोरीला हिकडं पाठवा की. छाटणीला माणूस मिळंना झालंय." सासूबाईंची काळजी वेगळी. आमचं घर माळकरी. या संस्थेतली मुलं जनावरं वाढवतात आणि मग विकतात. कशासाठी ते लिहायला नको.

मला स्वतःला एवढंच माहीत आहे की निळं कॉर्डरॉयचं जॅकेट घातलेली मुलं फेब्रुवारीत किराणा दुकानाबाहेर टेबल लावून बसतात. तर ज्यांची मुलं यात होती किंवा आहेत त्यांनी लिहा. नक्की करतात काय? वेळ किती जातो? कॉलेजला उपयोग होतो का? जनावर न घेता राहता येतं का? आणि खरं सांगायचं तर, आपलं मूल तिथे एकटंच सावळं असेल का?

---

इंडियानाकर

आमचा थोरला चारही वर्षं होता. आता पर्ड्यूला ॲग इकॉनॉमिक्स करतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेस क्लबात वर्षभरात कधीही जाऊन नाव घालता येतं, इथे तसं नाही. शाळेत ॲगचा एखादा विषय घेतलेला असला पाहिजे. काही शाळांत विषय घेतला की सगळ्या वर्गाची मेंबरशिप आपोआप होते, काही ठिकाणी आपण वर्गणी भरायची. ती किरकोळ असते. वय १२ ते २१.

या लोकांचं सगळं तीन पायांवर उभं आहे. एक वर्ग. दुसरं एसएई, म्हणजे सुपरवाइज्ड ॲग्रिकल्चरल एक्सपीरियन्स: प्रत्येकाने वर्गाबाहेर स्वतःचं काहीतरी काम करायचं आणि त्याचा हिशोब ठेवायचा. तिसरं एफएफए: सभा, स्पर्धा, पदं, समाजसेवा. मुलाला एसएईसाठी जनावर घ्यावंच लागतं हा समज चुकीचा आहे. आमच्या चिरंजीवांनी शेजारपाजारची लॉन कापायचा धंदा केला. पेट्रोल, पात्याला धार लावायचा खर्च, एका गिऱ्हाइकाने उन्हाळाभर थकवलेले पैसे, सगळं एईटी नावाच्या ऑनलाइन वहीत चढवायचं. मी स्वतः अकाउंट्सवाला. घसारा म्हणजे काय हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं तेव्हा जांभया देत होता. मोवर विकायला काढला आणि निम्मीही किंमत येईना, तेव्हा त्याला कळलं.

इतिहास थोडक्यात. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतल्या शेतीशिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. त्यातून ठिकठिकाणी शेतकरी मुलांचे क्लब निघाले आणि १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत १८ राज्यांतल्या ३३ मुलांनी मिळून राष्ट्रीय संघटना काढली. तेव्हा नाव 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' होतं. १९८८ मध्ये ते 'नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन' केलं, कारण तोवर मेंबरांत अन्नप्रक्रिया, फुलशेती, जनुकशास्त्र, पशुवैद्यक असल्या वाटेने जाणारी मुलंही पुष्कळ होऊ लागली होती. आज दहा लाखांवर सदस्य आहेत.

राष्ट्रीय अधिवेशन आमच्या इंडियानापोलिसला भरतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. त्या आठवड्यात डाउनटाउनला गाडी घेऊन जायचं नाही एवढं आम्हाला कळतं. सत्तर हजारांच्या आसपास माणूस येतो आणि फुटपाथवर निळ्या जॅकेटांशिवाय काही दिसत नाही.

---

शंकेखोर

सगळं छान. पण टेक्सासमध्ये असाल तर जीपीएचं (गुणांच्या सरासरीचं) गणित आधी मांडा.

बऱ्याच डिस्ट्रिक्टांत ॲगच्या सुरुवातीच्या विषयांना एपीसारखं, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांसारखं, जादा वेटेज नसतं. म्हणजे ए मिळाला तरी रँक खाली येऊ शकतो. यूटी ऑस्टिनने (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) आपोआप प्रवेशाची मर्यादा २०२६ च्या फॉलपासून वर्गातल्या पहिल्या ५ टक्क्यांवर आणलीय, आधी ६ होती. तुमच्यासारख्या उपनगरात हजारभर मुलांच्या वर्गात ५ टक्के म्हणजे काय ते इथल्या आईबापांना सांगायला नको. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीला अजून १० टक्के आहे.

शिवाय टेक्सासमध्ये 'नो पास, नो प्ले' आहे. एका विषयात ७० च्या खाली गेलात की स्पर्धा बंद, स्टॉक शो (जनावरांची प्रदर्शनं) सुद्धा. वर्षभर वाढवलेलं जनावर दावणीला आणि मूल घरी.

मी विरोधात नाही. फक्त निळ्या जॅकेटाचे फोटो बघून भुलू नका.

---

सुपारी

@इंडियानाकर, मनापासून धन्यवाद. मोवरचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला, तो जरा नरमलाय.

@शंकेखोर, वेटेजचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. काउन्सेलरला विचारते. पण तिला यूटीचं कंप्यूटर सायन्स नकोय हो, तिला घोड्याच्या पायाचा एक्सरे वाचायचाय.

---

कॅलिफोर्नियाची_चिंच

मी स्वतः मेंबर होते! कॅलिफोर्नियात, सेंट्रल व्हॅलीत. मराठी लिहायची सवय कमी आहे, चुका पोटात घाला.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, कारण तो विचारायला लोक लाजतात. आमच्या चॅप्टरमध्ये (शाळेतल्या एफएफए शाखेत) मेक्सिकन मुलं खूप होती आणि पंजाबीही बरीच. त्यांच्या बदामाच्या, पीचच्या बागा आहेत. मराठी मी एकटीच, पण सावळी एकटी नव्हते. तुमच्या भागातही आता चित्र पुष्कळ बदललं असेल. छोट्या गावांतल्या चॅप्टरांत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी असतात, आजोबा, वडील, मुलगा सगळे जॅकेटवाले. तिथे नवख्याला आत शिरायला वेळ लागतो, मग तो कुठल्याही रंगाचा असो.

संस्थेचा जुना इतिहास या बाबतीत काही फार गोड नाही. दक्षिणेतल्या आफ्रिकन-अमेरिकन मुलांसाठी 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' अशी निराळी संघटना होती. १९६५ मध्ये ती एफएफएमध्ये विलीन झाली तेव्हा तिचे सुमारे ५० हजार सदस्य होते. विलीन म्हणायचं, पण नाव गेलं, जॅकेट गेलं, बहुतेक पदंही गेली. मुलींना राष्ट्रीय पातळीवर मेंबर व्हायला १९६९ उजाडलं. पुढे १९९४ मध्ये कोरी फ्लोर्नॉय हा पहिला आफ्रिकन-अमेरिकन राष्ट्रीय अध्यक्ष झाला. तो शिकागो शहरातला, तिथल्या ॲग्रिकल्चरल सायन्सेसच्या सरकारी हायस्कूलचा विद्यार्थी. आणि २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाची ब्रियाना हॉल्बर्ट ही त्या पदावर गेलेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन मुलगी.

आता "नक्की करतात काय". माझं खरं शिक्षण झालं ते सभेत. सभा सुरू करायचा एक ठरलेला विधी आहे. प्रत्येक पदाधिकाऱ्याची जागा ठरलेली आणि तिथे एक चिन्ह: अध्यक्षापाशी उगवता सूर्य, उपाध्यक्षापाशी नांगर, सेक्रेटरीपाशी मक्याचं कणीस, शिक्षकापाशी घुबड, आणि सेंटिनल दाराशी. (घुबड तिकडे शहाणपणाचं चिन्ह आहे. आईने फोटो पाहून "हे काय अभद्र" म्हटलं होतं.) अध्यक्षाने हातोडी दोनदा आपटली की सभा सुरू, तीनदा आपटली की सगळ्यांनी उभं राहायचं, एकदा आपटली की बसायचं. नववीत मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. दहावीत मी सेंटिनल झाले. पाहुण्यांना दाराशी घ्यायचं, खुर्च्या मांडायच्या, खोली फार तापली तर खिडक्या उघडायच्या. अकरावीत सेक्रेटरी. ठराव कसा मांडायचा, त्याला अनुमोदन, मग त्यावर दुरुस्ती, आधी दुरुस्तीवर मतदान की मूळ ठरावावर, हे सगळं आमच्या पार्लिमेंटरी प्रोसीजरच्या टीमने इतकं घोटलं होतं की आज ऑफिसच्या मीटिंगा बघून जीव कासावीस होतो.

पहिल्या वर्षी 'क्रीड', म्हणजे संस्थेची श्रद्धा सांगणारा उतारा, पाठ करावी लागते. १९३० मध्ये स्वीकारलेली, पाच परिच्छेदांची. नववीच्या मुलांची त्यावर स्पर्धा असते. नुसतं म्हणून भागत नाही, नंतर परीक्षक प्रश्न विचारतात: या ओळीचा तुझ्या लेखी अर्थ काय, आजच्या शेतीत ते कुठे दिसतं. घरात रामरक्षा पाठ केलेल्या मुलीला पाठांतराचं काय? प्रश्नांना मात्र भंबेरी उडाली.

@शंकेखोर, कॅलिफोर्नियात ॲग बायॉलॉजीसारखे बरेच विषय यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) प्रवेशासाठी लॅब सायन्स म्हणून धरतात. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे.

---

पाटावरवंटा

+१ चिंच. हौसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेआधी आमच्या कमिटीला कुणीतरी ही हातोडीची शिकवणी लावा रे.

---

पमाकाकू_ह्यूस्टन

सुपारी, तुझ्या सासूबाईंच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते.

आमच्या शेजारची मुलगी. घर गुजराती, पक्कं शाकाहारी. तिने दहावीत मेंढरू घेतलं. शाळेच्या मालकीची गोठ्यांची जागा असते, ॲग बार्न म्हणतात, तिथे ठेवलं. घरी परवानगी मिळाली ती "शाळेचा प्रोजेक्ट आहे" एवढ्यावर. पुढचं कुणी बोललं नाही, विचारलंही नाही.

मी दोनतीनदा तिच्याबरोबर संध्याकाळी गेले होते. शोचं मेंढरू बघितलंयस कधी? अंगावरची लोकर अगदी बारीक कातरलेली, त्वचा दिसेल इतकी. दोर नसतो. पोरीने एक हात त्याच्या हनुवटीखाली धरायचा, गुडघा छातीशी लावायचा आणि त्याने उलट रेटा द्यायचा. रेटा दिला की पाठीचे, मांड्यांचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात. मग परीक्षक येऊन पाठीवरून हात फिरवतो. तो हात काय चाचपतो? मांस किती आणि कुठे आहे ते. तिथेच सगळं स्पष्ट आहे ग. हे जनावर कशासाठी आहे ते त्या मुलीचा रोजचा सरावच सांगत असतो, आपण मोठी माणसं तेवढी न बघितल्यासारखं करतो.

मार्चमध्ये एनआरजी पार्कवर ह्यूस्टन लाइव्हस्टॉक शो अँड रोडिओ असतो. टेक्सासमधल्या मोठ्या शोंमध्ये लिलावाला निवडलेलं मार्केट जनावर (मांसासाठी वाढवलेलं) परत घरी येत नाही. ही अट आधीपासून असते, छापील असते. तिच्या मेंढराचा नंबर लागला, पैसे चांगले आले, सगळे टाळ्या वाजवत होते आणि पोरगी शेडमागे जाऊन रडत बसली. आईला कळेना हिला झालं काय.

मी कुणाला नावं ठेवत नाही. शेजारच्या स्टॉलवरची शेतकरी घरची मुलंही रडत होती, पण त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, घरात त्यावर बोलणं झालेलं होतं. म्हणून माझं म्हणणं इतकंच, जनावर घ्यायच्या आधी जेवणाच्या टेबलावर हे उघड बोला. सासूबाईंनाही त्यात घ्या.

आणि मार्ग आहेत की. पैदाशीसाठी वाढवलेली कालवड शोमध्ये उतरवता येते आणि ती घरी परत येते. फक्त कालवड म्हणजे नंतर तिला ठेवणार कुठे हा प्रश्न उरतोच. तुमच्या एचओएमध्ये (घरमालकांच्या सोसायटीत) पत्राची पेटी कुठल्या रंगाची यावरून नोटीस येते, तिथे कालवड!

---

सुपारी

काकू, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "व्हेटला पण कधीतरी इंजेक्शन देऊन झोपवावं लागतंच ना?" याला मी काय उत्तर देणार.

---

नांगरट

मी परभणीचा, कृषी पदवीधर. अमेरिकेशी संबंध नाही, पण धागा आवडीने वाचतोय.

आमच्याकडे हे सगळं पदवीच्या शेवटच्या वर्षात येतं. 'रावे' म्हणतात, सहा-एक महिने गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम. तोपर्यंत बियाणं पुस्तकातच पेरायचं. शाळेच्या पातळीवर म्हणाल तर पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम या एसएईच्या फार जवळचं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात ते सुरू केलं. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: शेती-पशुपालन, वर्कशॉप, वीज-पर्यावरण, घर-आरोग्य. त्यातही गावातल्या लोकांना प्रत्यक्ष सेवा द्यायची, तिचा खर्च काढायचा, पैसे घ्यायचे. कोंबड्यांच्या खाद्याचा हिशोब दहावीच्या पोरानं मांडलेला मी बघितलाय.

पण एक फरक मला इथं वाचताना जाणवला. आपल्याकडे अशा विषयाला बसणारं पोरगं म्हणजे "अभ्यासात कच्चं" असं आधीच ठरवतात. हातानं काम करणाऱ्याला सभा चालवायला, भाषण करायला कोण शिकवतो? ते मॉनिटरला आणि वक्तृत्वाच्या ढालीवाल्याला. तुमच्या या संस्थेत खत टाकणारं आणि ठराव मांडणारं पोर एकच आहे. ही गोष्ट मला जॅकेटापेक्षा मोठी वाटली.

सुपारीताई, सासऱ्यांना सांगा, नात सुट्टीत ऑक्टोबर छाटणीला नाही आली तरी उन्हाळ्यात येऊ दे. काडीची डोळे-तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली करतात ती तिला बघायला मिळाली तर खूश होईल.

---

आयोवाचा_मका

आहाहा, नांगरट, मोठी गोष्ट बोललात.

मी एम्सला असतो, मातीत काम करतो. दर वर्षी शाळकरी मुलांच्या मृदा-परीक्षण स्पर्धेला स्वयंसेवक म्हणून जातो. त्याबद्दल लिहितो, कारण एफएफए म्हटलं की सगळे डुक्कर-मेंढ्यांवर येऊन थांबतात आणि बाकीच्या स्पर्धा राहून जातात. फुलशेती, अन्नशास्त्र, कुक्कुट, दुग्ध, यंत्रं, शेतीव्यवस्थापन, पशुवैद्यक अशा पुष्कळ आहेत. एकाही जनावराचं मालक न होता चार वर्षं भरगच्च जाऊ शकतात.

शेतात माणूसभर खोल खड्डा खणलेला असतो. कडेला एक भिंत स्वच्छ तासलेली, त्यावर मोजपट्टी. मुलं खाली उतरतात. प्रत्येक थरातली चिमूटभर माती तळहातावर घ्यायची, पाण्याचे थेंब टाकून मळायची आणि अंगठ्याने दाबत पट्टी काढायची. पट्टी लांब निघाली की चिकणमाती जास्त, लगेच तुटली की वाळू जास्त. बोटांना रवाळ लागतंय की पिठासारखं मऊ, यावरून पुढचा निवाडा. मग उतार किती, पाणी निचरतं कसं, धूप किती झालीय, आणि या जमिनीत काय करणं योग्य. सगळं घड्याळ लावून, कुणाशी न बोलता. पोळ्या करणाऱ्या घरातल्या मुलांचा हात यात बरा बसतो असं माझं एक अशास्त्रीय निरीक्षण आहे!

जनावर पारखायच्या स्पर्धेतही जनावर तुमचं नसतं. समोर चार गाई उभ्या असतात, त्यांचा क्रम लावायचा आणि मग परीक्षकासमोर एकट्याने उभं राहून दोन मिनिटांत कारणं सांगायची: पहिली दुसरीच्या वर का, दुसरी तिसरीच्या वर का. हातात कागद घेतला की गुण जातात, म्हणून मुलं पाठ न करता डोळ्यांसमोर गाय आणून बोलायला शिकतात. पुढे इंटरव्ह्यूत असली मुलं लगेच ओळखू येतात.

व्हेटचं म्हणाल तर टेक्सासमध्ये बरीच वर्षं ए अँड एम हे एकच पशुवैद्यकीय कॉलेज होतं, २०२१ मध्ये ॲमरिलोला टेक्सास टेकचं सुरू झालं. मोठ्या जनावरांचा अनुभव असला तर उपयोग होतो. नुसती घरची मांजर सांभाळून तो येत नाही.

---

शंकेखोर

@मका, हे पटलं. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण बारीक करतो.

@सुपारी, तुमच्या राज्यात व्हेटर्नरी असिस्टंटचं सर्टिफिकेट हायस्कूलमध्येच मिळतं, टेक्सास व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनचं. त्यासाठी दवाखान्यातले ठरावीक तास भरावे लागतात. शाळेला हा प्रश्न जरूर विचारा: ते तास मिळवून देणारे दवाखाने शाळा शोधते की पालकांनी शोधायचे? आमच्या ओळखीत एका शाळेने सगळं पालकांवर सोडलं होतं. बाराव्या वर्गातली मुलगी दवाखान्यांना फोन करून करून थकली.

---

चहाटळ

अवांतर: ४-एच आणि एफएफए एकच का?

---

इंडियानाकर

@चहाटळ, नाही. ४-एच काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसकडून (कृषी विस्तार कार्यालय) चालतं, शाळेच्या वर्गाला बांधलेलं नसतं, प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही घेतात, चिन्ह चार पानांचं क्लोव्हर. एफएफए शाळेच्या वर्गाला बांधलेलं. दोन्हींत असणारी मुलं भरपूर आहेत. ॲगच शिकवत नाही अशा शाळेत मूल असेल तर ४-एचचं दार उघडं असतं.

वेळेबद्दल राहिलं होतं. टेक्सासमध्ये भाषण-सभा वगैरे नेतृत्वाच्या स्पर्धा फॉलमध्ये आणि माती-गुरं-फुलं वगैरे स्प्रिंगमध्ये असतात, म्हणजे नववीच्या मुलीने दोन्हींतली एकएक घेतली तरी आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी जातात. जनावर असेल तर सकाळ-संध्याकाळ बार्न, आणि सोळा वर्षांची होईपर्यंत गाडी कोण चालवणार? तुम्ही. दिवाळी-गणपतीलाही खाद्य घालायला जावं लागतं.

आणखी एक, चॅप्टर बघताना शिक्षकाकडे बघा. आमचा पहिला शिक्षक फक्त स्टॉक शोवाल्या चार घरांना वेळ द्यायचा, बाकीची मुलं जॅकेट घालून फोटोपुरती. दुसऱ्या वर्षी नवीन बाई आल्या आणि त्याच शाळेतला तोच चॅप्टर ओळखू येईना. मागच्या वर्षी किती वेगवेगळ्या स्पर्धांना टीम पाठवल्या, हा प्रश्न विचारला की उत्तरातून सगळं कळतं.

मेंबरांना मिळणाऱ्या 'डिग्रीं'च्या पायऱ्याही सांगून ठेवतो, नाहीतर मुलं घरी येऊन बोलतात ते कळत नाही. हायस्कूलमध्ये पहिली ग्रीनहँड, ब्राँझची पिन. मग चॅप्टर डिग्री, चांदीची. पुढे स्टेट, आणि हायस्कूल संपल्यावर अमेरिकन डिग्री. ती एक टक्क्याहूनही कमी मेंबरांना मिळते. चॅप्टर डिग्रीसाठी १५ मिनिटांची गटचर्चा स्वतः चालवून दाखवावी लागते. आमच्याकडे त्याच्या तालमीसाठी विषय होता "घरात वायफाय रात्री बंद करावं का". आई हरली.

---

सुपारी

मंडळी, काल शाळेची ओपन हाउस झाली. थोडक्यात वृत्तांत.

ॲगच्या बाई तरुण आहेत, स्वतः एफएफएवाल्या. तुमचे सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. मागच्या वर्षी कुठल्या टीम पाठवल्या विचारल्यावर त्यांनी भिंतीवरचे बॅनर दाखवले: व्हेट सायन्स, फुलशेती, माती, सभा चालवण्याची टीम. दवाखान्यांची यादी शाळेकडे आहे, पण जागा कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे दहावीपासूनच ओळखी करायला लागा असं स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. वेटेज नाही हे काउन्सेलरने मान्य केलं. लेकीने तिथल्या तिथे सांगितलं, रँकसाठी तिला चार एपी पुढे घेता येतील, व्हेटचा कोर्स मात्र नववीत पाया घातला नाही तर बारावीपर्यंत पूर्ण होत नाही. हे तिने आधीच कागदावर मांडून ठेवलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

जनावराचं असं ठरलं: पहिल्या वर्षी घ्यायचं नाही. एसएई म्हणून शनिवारी एका घोड्यांच्या तबेल्यात साफसफाई आणि चारा. वर्षभराने पुन्हा बोलायचं, आणि तेव्हा काकूंनी सांगितलं तसं आजीला व्हिडिओ कॉलवर घेऊन. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "शेण काढायला लाज कसली, आम्ही काय केलं जन्मभर."

आता एक फुटकळ प्रश्न. जॅकेटवर नाव भरतात म्हणे. आमचं आडनाव लांब आहे आणि पहिलं नाव त्याहून लांब. काय करतात?

---

कॅलिफोर्नियाची_चिंच

मस्त बातमी!

नाव पुढे उजव्या बाजूला, सोनेरी दोऱ्याने. पाठीवर राज्याचं नाव, मध्ये मोठं चिन्ह, खाली चॅप्टर. लांब नावाचा बाऊ करू नका, ऑर्डर द्यायच्या आधी फॉर्मवर किती अक्षरं बसतात ते बघा आणि स्पेलिंग तिलाच टाइप करू दे. माझं बाईंनी टाइप केलं होतं. चार वर्षं चुकीच्या नावाने फिरले.

माप एक नंबर मोठं घ्या, नववीतली मुलं भराभर वाढतात आणि चेन गळ्यापर्यंत लावावी लागते. आत पांढरा शर्ट, मुलींना निळा स्कार्फ, काळे बूट. बुटांचं लक्षात ठेवा, ऐन स्पर्धेच्या दिवशी सकाळी सहाला सगळ्यांचे तेच सापडत नाहीत. पहिल्या वर्षी लगेच विकत घ्यायचं नसेल तर बाईंना विचारा, बऱ्याच चॅप्टरांकडे जुनी जॅकेटं उसनी द्यायला असतात.

---

पमाकाकू_ह्यूस्टन

आणि तबेल्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घे ग तिला. जॅकेटच्या आधी तेच लागतील.